सोळा फुटी होडीला कोणता नांगर घ्यावा?

नवखा: फायबरची होडी, पाणी २० फूट, तळ कुठे वाळू तर कुठे खडक. वारा वाढला की नांगर सरकतो. जड घेऊ का?

जुनी_होडी: वजनाआधी दोर बघा. ओढ आडवी बसली तरच नांगर रुततो. पाण्याची खोली अधिक नाळेची (होडीच्या पुढच्या टोकाची) पाण्यावरची उंची, त्याच्या सातपट दोर सोडा. तुमच्याकडे साधारण १६० फूट. नांगरालगत १५ फूट साखळी हवीच. दोर नायलॉनचा, तो ताणून झटके झेलतो.

खडकवाला: वाळूत डॅनफोर्थ, म्हणजे चपट्या पात्यांचा नांगर, उत्तम. खडकात ग्रॅपनेल, म्हणजे अनेक आकड्यांचा नांगर, घ्या.

जुनी_होडी: आणि दादा, कळकळीने सांगतो, नांगर नाळेलाच बांधा, मागे कधीच नको. मागून ओढ बसली की लाट सरळ आत येते, होडी भरते. शॅकलची (नांगर नि साखळी जोडणाऱ्या कडीची) पिन तारेने आवळा. वेळ पडली तर दोर कापायला सुरी हाताशी ठेवा.

नवखा: माझा दोर जेमतेम ६० फूट आहे! आधी तोच बदलतो.