सी भाषेत एकच व्हेरिएबल अनेक फाइलींमध्ये कसे वापरावे? ‘मल्टिपल डेफिनिशन’ची त्रुटी जात नाही

प्रश्न – हिंगणारोड

नमस्कार. मी नागपुरात इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेच्या अंतिम वर्षाला आहे. आमच्या गटाचा प्रकल्प म्हणजे संत्र्यांच्या शीतगृहासाठी तापमान नियंत्रक. संवेदकाचे वाचन घेणे, ते पडद्यावर दाखवणे आणि मर्यादा ओलांडल्यास कॉम्प्रेसर चालू करणे, एवढेच त्याचे काम आहे. सुरुवातीला सगळा प्रोग्रॅम एकाच फाइलीत होता. तो वाढत गेल्यावर मार्गदर्शक सरांच्या सूचनेवरून आम्ही त्याचे मुख्य.सी, तापमान.सी आणि पडदा.सी असे तीन भाग केले. मायक्रोकंट्रोलरवर चढवण्यापूर्वी तो संगणकावर जीसीसी या कंपायलरने (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने) तपासून पाहत आहोत. (कोड येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिला आहे.)

तिन्ही फाइलींना चालू तापमान लागते, म्हणून सामाईक.एच या हेडरमध्ये (इतर फाइलींत समाविष्ट करायच्या फाइलीत) ‘इंट चालू_तापमान;’ अशी ओळ लिहिली आणि ते हेडर तिन्हीकडे इन्क्लूड केले. प्रयोगशाळेतील उबुंटू १८.०४ असलेल्या संगणकावर हे विनातक्रार चालते. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ आहे, तेथे मात्र लिंकर (कंपाइल झालेले भाग जोडणारा प्रोग्रॅम) ‘मल्टिपल डेफिनिशन ऑफ चालू_तापमान’ असे म्हणून थांबतो. हेडरमध्ये इफ-एनडेफ, डिफाइन, एंडिफ हे संरक्षण आहे, तरीही फरक पडत नाही.

एका मित्राने त्या ओळीआधी ‘स्टॅटिक’ लावायला सांगितले. त्याने त्रुटी गेली, पण पडद्यावर तापमान कायम ० दिसू लागले. ‘स्टॅटिक’ काढून ‘एक्स्टर्न’ लावले, तर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू चालू_तापमान’ अशी नवीच त्रुटी आली. यातील योग्य पद्धत कोणती, आणि तोच कोड एका संगणकावर चालून दुसऱ्यावर का अडतो, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

उत्तर – लिंकरवाला

आपण लक्षणे नीट लिहिली आहेत. ही सगळी लक्षणे एकाच गोष्टीतून निघतात, ती म्हणजे डिक्लेरेशन आणि डेफिनिशन यांतील फरक. ‘या नावाचे, या प्रकारचे व्हेरिएबल कोठेतरी आहे’ असे कंपायलरला सांगणे म्हणजे डिक्लेरेशन. ते कितीही वेळा करता येते. त्या व्हेरिएबलसाठी प्रत्यक्ष जागा राखून ठेवणे म्हणजे डेफिनिशन. ते संपूर्ण प्रोग्रॅममध्ये एकदाच व्हायला हवे.

आता संरक्षण का उपयोगी पडले नाही ते पाहू. इन्क्लूड म्हणजे हेडरचा मजकूर जसाच्या तसा त्या जागी उतरवणे, याहून अधिक काही नाही. कंपायलर प्रत्येक .सी फाइल स्वतंत्रपणे हाताळतो आणि पडदा.सी कंपाइल करताना तापमान.सीमध्ये काय होते याचा त्याला पत्ता नसतो. इफ-एनडेफचे संरक्षण एकाच .सी फाइलीत तेच हेडर दोनदा शिरू नये एवढ्यापुरतेच असते, आणि पुढची फाइल सुरू होताना पाटी पुन्हा कोरी होते. त्यामुळे आपल्या तिन्ही ऑब्जेक्ट फाइलींमध्ये (कंपाइल होऊन तयार झालेल्या फाइलींमध्ये) चालू_तापमान स्वतंत्रपणे डिफाइन झाले, आणि त्या जोडताना लिंकरला एकाच नावाचे तीन दावेदार सापडले.

मग प्रयोगशाळेत हे चालले कसे? तेथे जीसीसीची आवृत्ती ७ असणार आणि आपल्याकडे ११. उबुंटूच्या त्या त्या आवृत्तीबरोबर मुळात याच येतात. फंक्शनबाहेर, आरंभीची किंमत न देता लिहिलेल्या ‘इंट चालू_तापमान;’ या ओळीला सीच्या प्रमाणकात टेन्टेटिव्ह डेफिनिशन म्हणतात. जुने जीसीसी असे व्हेरिएबल ‘कॉमन’ या विशेष वर्गात टाकत असे, आणि लिंकर त्या वर्गातील एकसारख्या नावांची मुकाट्याने एकच जागा करत असे. ही रीत फोर्ट्रान या जुन्या भाषेतील कॉमन ब्लॉकवरून आलेली आहे. प्रमाणकाने तिला नियमात कधीच बसवले नाही, केवळ परिशिष्टात प्रचलित विस्तार म्हणून नोंदवले. २०२० साली आलेल्या जीसीसी १० पासून ‘एफ-नो-कॉमन’ हा पर्याय मुळातच चालू ठेवला गेला आणि तेव्हापासून असा कोड लिंकरपाशी अडू लागला. थोडक्यात, प्रयोगशाळेतील संगणक आपली चूक खपवून घेत होता. त्या ओळीत ‘= ७’ अशी किंमत दिली असती, तर तोही अडला असता. कंपाइल करताना ‘एफ-कॉमन’ दिल्यास आपल्या लॅपटॉपवरही त्रुटी नाहीशी होईल, पण नव्याने लिहिलेल्या प्रकल्पात तसे करू नये.

‘स्टॅटिक’ लावल्यावर ते नाव त्या त्या फाइलीपुरते खासगी झाले. तिन्ही फाइलींना चालू_तापमानची आपापली प्रत मिळाली. तापमान.सी स्वतःच्या प्रतीत किंमत लिहीत राहिले आणि पडदा.सी स्वतःची प्रत दाखवत राहिले. फंक्शनबाहेरील व्हेरिएबलला किंमत दिली नसेल तर ते शून्यापासून सुरू होते, म्हणून पडद्यावर ० दिसला. त्रुटी दाखवून थांबणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा असा चालणारा प्रोग्रॅम मला अधिक धोक्याचा वाटतो.

‘एक्स्टर्न’ हाच योग्य रस्ता आहे, पण आपण तो अर्धाच चाललात. डिक्लेरेशन सगळीकडे झाले आणि डेफिनिशन कोठेच उरले नाही. योग्य मांडणी अशी (सामाईक.एचऐवजी हेडरचे नाव तापमान.एच ठेवून):

तापमान.एच मध्ये: एक्स्टर्न इंट चालू_तापमान;

तापमान.सी मध्ये: इन्क्लूड "तापमान.एच" आणि त्याखाली इंट चालू_तापमान = ०;

मुख्य.सी आणि पडदा.सी मध्ये: केवळ इन्क्लूड "तापमान.एच"

कंपाइल करताना तिन्ही .सी फाइली आज्ञेत द्याव्यात. तापमान.सी द्यायची राहिली तरी ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ हीच त्रुटी येते, आणि मग निर्दोष कोडमध्ये चूक शोधण्यात वेळ जातो. हेडरमधील एक्स्टर्नच्या ओळीला आरंभीची किंमतही देऊ नये. ‘एक्स्टर्न इंट चालू_तापमान = ०;’ हे एक्स्टर्न असूनही डेफिनिशनच ठरते आणि आपण पुन्हा पहिल्या त्रुटीवर येऊन पोहोचतो.

उत्तर – महालकर

वरील उत्तरात तापमान.सी स्वतःचेच हेडर इन्क्लूड करते, हे अनेकांना अनावश्यक वाटते. ते का आवश्यक आहे ते सांगतो, कारण विद्यार्थ्यांच्या कोडमध्ये मला हीच ओळ सर्वाधिक वेळा गाळलेली दिसते.

समजा, उद्या दशांश हवा म्हणून आपण तापमान.सीमध्ये चालू_तापमान ‘फ्लोट’ केले, पण पडदा.सीमध्ये कोणीतरी हेडर न घेता हाताने ‘एक्स्टर्न इंट चालू_तापमान;’ असे लिहून ठेवलेले आहे. दोन्ही फाइली कंपाइल होतील. लिंकर केवळ नावे जुळवतो, प्रकार पाहत नाही, म्हणून जोडणीही होईल. आता शीतगृहात नेमके ७ अंश असताना नेहमीच्या संगणकावर पडदा बहुधा १०८८४२१८८८ दाखवील, कारण फ्लोटमधील ७.० चे ३२ बिट पूर्णांक म्हणून वाचले की हीच संख्या निघते. मे महिन्यातील नागपुरातही इतके तापमान होत नाही, म्हणून ही चूक निदान लक्षात तरी येईल. पण एखाद्या दिवशी पटण्याजोगी संख्या निघाली तर कोणाला संशयही येणार नाही. प्रमाणकाच्या दृष्टीने असा प्रोग्रॅम पुढे कसा वागेल याची कोणतीही हमी नसते. तापमान.सीने स्वतःचे हेडर इन्क्लूड केले असेल, तर हेडरमधील प्रकार आणि प्रत्यक्ष डेफिनिशन कंपायलरसमोर एकत्र येतात आणि विसंगती तेथेच पकडली जाते. म्हणून .सी फाइलीत एक्स्टर्न हाताने लिहू नये, ते हेडरमध्येच असावे.

अॅरेच्या बाबतीतही असेच घडते. एका फाइलीत ‘चार नाव[२०];’ आणि दुसरीत ‘एक्स्टर्न चार *नाव;’ असेल, तर जोडणी होते, पण प्रोग्रॅम अक्षरांच्या बाइटांनाच पत्ता समजून भलत्याच जागी वाचायला जातो. अॅरे आणि पॉइंटर अनेक ठिकाणी एकमेकांसारखे वागतात, येथे मात्र वागत नाहीत.

उत्तर – बजाजनगर_नागपूर

दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, परंतु मला त्याआधीचा प्रश्न विचारावासा वाटतो: हे व्हेरिएबल तिन्ही फाइलींना खरोखर द्यायला हवे का? पडद्याला तापमान केवळ वाचायचे आहे, लिहायचे नाही. एक्स्टर्न दिल्यावर पडदा.सीमधील एखाद्या ओळीने चुकून त्यात किंमत भरली, तर कंपायलर तक्रार करणार नाही, आणि कॉम्प्रेसर अवेळी का चालू झाला हे शोधताना तिन्ही फाइली पालथ्या घालाव्या लागतील. त्यापेक्षा तापमान.सीमध्ये ‘स्टॅटिक इंट चालू_तापमान;’ ठेवावे आणि हेडरमध्ये ‘इंट तापमान_वाचा(व्हॉइड);’ एवढेच द्यावे. वर जे ‘स्टॅटिक’ अडचणीचे ठरले, ते हेडरमध्ये असल्यामुळे ठरले; .सी फाइलीत तेच व्हेरिएबलचे रक्षण करते.

उत्तर – लिंकरवाला

तत्त्वतः मान्य आहे, आणि संगणकावरील प्रोग्रॅम असता तर मीही हेच सुचवले असते. लहान मायक्रोकंट्रोलरवर मात्र दोन-चार सामाईक व्हेरिएबल एक्स्टर्न ठेवण्यात मला गैर वाटत नाही, कारण तेथे फंक्शनच्या प्रत्येक हाकेचा खर्च मोजावा लागतो.

उत्तर – बजाजनगर_नागपूर

खर्चाचा मुद्दा मला पटत नाही. शीतगृहाचे तापमान सेकंदातून एकदा वाचले तरी पुरते, तेव्हा फंक्शनच्या हाकेला लागणारी काही चक्रे येथे नगण्य आहेत. फंक्शन असण्याचा खरा फायदा तर मायक्रोकंट्रोलरवरच दिसतो. संवेदकाचे वाचन इंटरप्टमध्ये (चालू काम मध्येच थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये) होत असेल, तर चालू_तापमानला ‘व्होलाटाइल’ लावावे लागेल, अन्यथा कंपायलर जुनीच किंमत रजिस्टरमध्ये धरून बसू शकतो. पण व्होलाटाइलने एवढेच होते. ८ बिटांच्या एव्हीआर चिपवर इंट १६ बिटांचा असतो आणि तो दोन बाइटांत, दोन वेगळ्या सूचनांनी वाचला जातो. तापमान अंशाच्या दहाव्या भागात साठवले असेल, तर २५.५ म्हणजे २५५ आणि २५.६ म्हणजे २५६. खालचा बाइट वाचून झाल्यावर आणि वरचा वाचण्यापूर्वी इंटरप्ट आला, तर जुना खालचा आणि नवा वरचा बाइट मिळून ५११ होतात. म्हणजे पडद्यावर क्षणभर ५१.१ अंश दिसतात आणि कॉम्प्रेसरचा तर्कही त्यावरच चालतो. यावर उपाय म्हणजे वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद ठेवणे. तापमान_वाचा हे फंक्शन असेल तर ही काळजी एकाच ठिकाणी घेता येते. एक्स्टर्न असेल तर प्रत्येक फाइलीने ती आठवणीने घ्यावी लागते.

उत्तर – हिंगणारोड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चालू_तापमान स्टॅटिक करून फंक्शन दिले. कॉम्प्रेसरची स्थिती मुख्य.सी आणि पडदा.सी दोघांना लागते. ती सध्या एक्स्टर्न ठेवली आहे. ‘एनएम’ ही नावांची यादी दाखवणारी आज्ञा ऑब्जेक्ट फाइलींवर चालवून पाहिली, तेव्हा मुख्य.ओमध्ये त्या नावापुढे मोठा बी आणि पडदा.ओमध्ये यू दिसला. तापमान.ओमध्ये चालू_तापमानपुढे मात्र लहान बी आहे. याचा अर्थ बरोबर लावत आहे ना? आणखी एक शंका: फळांनुसार मर्यादांचा ‘कॉन्स्ट इंट मर्यादा[४]’ असा अॅरे आहे. तो कधीच बदलणार नसल्यामुळे थेट हेडरमध्ये लिहिला तर चालेल का?

उत्तर – लिंकरवाला

एनएममधील यू म्हणजे ‘येथे वापरले आहे, पण डेफिनिशन दुसरीकडे आहे’. मोठा बी म्हणजे शून्याने सुरू होणारी आणि इतर फाइलींना दिसणारी जागा. लहान बी म्हणजे तशीच, पण त्या फाइलीपुरती खासगी जागा, अर्थात स्टॅटिक. आरंभीची किंमत शून्याखेरीज दिली असती, तर बीऐवजी डी दिसला असता. लिंकरची त्रुटी आली की कोड वाचण्याआधी हीच आज्ञा चालवावी.

अॅरेबाबत: चालणार नाही. सी प्लस प्लसमध्ये फाइलीच्या पातळीवरील कॉन्स्ट आपोआप फाइलीपुरते मर्यादित राहते, म्हणून तेथे असे हेडर खपते. सीमध्ये तसे नाही. कॉन्स्ट लावले तरी नाव बाहेर दिसतेच आणि ‘मल्टिपल डेफिनिशन’ पुन्हा येईल. हेडरमध्ये ‘एक्स्टर्न कॉन्स्ट इंट मर्यादा[४];’ आणि एकाच .सी फाइलीत किमतींसह डेफिनिशन असे ठेवावे. हेडरमध्ये ४ हा आकार गाळू नये, अन्यथा इतर फाइलींमध्ये त्या अॅरेवर ‘साइझऑफ’ चालणार नाही आणि कंपायलर अपूर्ण प्रकार असल्याची तक्रार करील. एकेकटे पूर्णांक असतील तर व्हेरिएबलच नको. हेडरमध्ये ‘ईनम’ (नाव दिलेल्या पूर्णांकांची यादी) लिहिला की पुरे, त्याला जागाही लागत नाही आणि लिंकरचा संबंधही येत नाही.