अनुभव धागा : बीपीचा पट्टा, मिठाचा पुडा आणि आपली गल्ली

नमस्कार मंडळी,

२९ सप्टेंबरला जागतिक हृदय दिन असतो. त्या आठवड्यात व्याख्यानं होतात, फेऱ्या निघतात. मीठ कमी, तेल कमी, रोज चाला, तंबाखू सोडा हे आता सगळ्यांना तोंडपाठ आहे, तरी घराघरांत चाळिशी-पन्नाशीची माणसं अचानक जातात. म्हणून थोडं वेगळं विचारते. तुमच्या गावात, सोसायटीत, शाळेत किंवा बचत गटात हृदयविकार टाळण्यासाठी कुणी काही शिकवलं असेल, तर त्यातलं टिकलं काय? आणि कशामुळे टिकलं? लांबलचक लिहिलंत तरी चालेल.

सुरुवात माझ्या सासरपासून करते. सातारा जिल्हा. देशातला उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम २०१७च्या सुमारास आखला गेला, तेव्हा महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे आधी घेतले होते. सासूबाईंचा वरचा आकडा १६०च्या पुढे असायचा आणि त्या म्हणायच्या, "मला कुठं काय होतंय? भांगलायला जातीया की." बीपीचं हेच अवघड आहे, दुखत काहीच नाही. तालुक्याला जाऊन गोळ्या आणायच्या म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणार, वर एसटीचं भाडं. त्यामुळे बरं वाटलं की गोळी बंद व्हायची. मग महिन्याभराच्या गोळ्या गावच्या उपकेंद्रातच मोफत मिळायला लागल्या आणि चित्र बदललं. तिथल्या बाकावर बायका हातातली कार्डं एकमेकींना दाखवतात. "तुझं किती आलं गं?" ज्या बाईचा आकडा १४०/९०च्या खाली आलेला असतो, तिला बाकीच्या विचारतात, काय केलंस? मला तरी वाटतं, खरं आरोग्यशिक्षण त्या बाकावर होतं.

आशा स्वयंसेविका, वर्धा जिल्हा

ताई, बाकाचं अगदी खरं आहे. आम्ही तिशीवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतो. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाची ९०च्या वर गेली की धोक्याचे गुण वाढतात. टेप लावला की लोक हसतात, पण आकडा विसरत नाहीत.

आमच्याकडे मोठा प्रश्न खर्र्याचा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटायचा आणि दिवसभर गालात धरायचा. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, खर्रा मात्र टपरीवर डोळ्यासमोर घोटून मिळतो. त्यानं तोंडाचा कॅन्सर होतो हे लहान पोरालाही ठाऊक आहे. तंबाखूतल्या निकोटीननं रक्तवाहिन्या आवळतात, नाडी वाढते, बीपी चढतं, हे सांगितलं की लोक चमकतात. "काहून, हृदयाले तोंडाच्या खर्र्याशी काय घेणंदेणं?"

माझा अनुभव असा की खर्रा एकट्यानं सुटत नाही. तो वाटून खायचा असतो. एकानं सोडला तरी चौघं पुडी पुढे करतातच. म्हणून मी आता माणूस धरत नाही, टोळी धरते. ट्रॅक्टरवर काम करणाऱ्या पाच-सहा पोरांनी एकदम सोडायचं ठरवलं. खिशात भाजलेली बडीशेप आणि जवस ठेवायचं. तलफ आली की काही मिनिटं निभावून न्यायची, ती ओसरते हे त्यांना एकमेकांकडे बघून पटलं. दोघं पुन्हा लागले, पण बाकीच्यांनी त्यांना हाकलून दिलं नाही. पुढच्या पोळ्यापासून परत सुरुवात करायची म्हणतात.

मालवणकडची

आमच्या गावात बाहेरच्या एक मॅडम आल्या होत्या. म्हणाल्या, खारवलेली मासळी बंद करा. अहो, पावसात दर्यावर जाता येत नाही तेव्हा पेजेबरोबर भाजलेला खारो बांगडोच असतो! बाया मान डोलावून घरी गेल्या आणि काहीच बदललं नाही.

बदललं ते बचत गटात बोलता बोलता. ज्या दिवशी बांगडो, त्या दिवशी पेजेत मीठ नाही. बांगडो आधी पाण्यात भिजवायचा, पाणी ओतून टाकायचं, आणि ताटात तुकडाच घ्यायचा. आमटीत आमसूल थोडं जास्त घातलं की मीठ कमी असल्याचं जिभेला जाणवत नाही. माझ्या सासऱ्यांनी पहिले काही दिवस कुरकुर केली, आता त्यांनाच हॉटेलातली आमटी खारट लागते. कुणाचं खाणं तोडू नका, त्याच खाण्यातून वाट काढा. शिकवायला येणाऱ्यांनी आधी गावच्या चुलीपाशी बसावं.

शिक्षक, लातूर

मिठावरून आठवलं. आठवीच्या गणिताच्या तासाला मी एक गृहपाठ देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे सपाट छोटा चमचाभर. घरात पाच मोठी माणसं असतील तर दिवसाला २५ ग्रॅम. मग एक किलोचा पुडा किती दिवस पुरायला हवा? ४० दिवस. मुलं पुड्यावर तारीख लिहून ठेवतात आणि संपला की वर्गात सांगतात. ज्यांच्या घरी लोणची-पापड घालतात त्यांचा हिशेब वेगळा, आणि फरसाण-बिस्किटांतलं मीठ यात धरलेलंच नाही. तरीही बऱ्याच घरांत पुडा ४० दिवसांच्या फार आधी संपतो.

पालकसभेत एक आई म्हणाल्या, "सर, पोरगी आता मीठदाणी ताटाजवळ ठेवूच देत नाही." मोठ्यांचं कुणी ऐकत नाही हो, लेकरांचं ऐकतात.

औषधांच्या दुकानात बसणारा, कोल्हापूर

दोन गोष्टी कळकळीनं सांगतो. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात सोडियमऐवजी काही भाग पोटॅशियम असतं. बऱ्याच जणांना ते चांगलं, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम वाढून धोका होऊ शकतो. डॉक्टरांना विचारूनच घ्या.

दुसरं, गुडघेदुखीच्या गोळ्या. मोठ्या माणसांची मुलं येतात आणि "आईला त्या लाल गोळ्या द्या" म्हणून पाकीटच्या पाकीट नेतात. अशा बऱ्याच वेदनाशामकांनी बीपी वाढतं. बीपी आटोक्यात येत नाही म्हणून गोळी बदलत राहतात आणि खरं कारण गुडघ्याच्या डब्यात असतं. घरात बीपीचा माणूस असेल तर त्याच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा, आयुर्वेदिक म्हणून घेतलेल्यासुद्धा.

फिनलंडमधून

मी नोकरीनिमित्त इकडे असते. धागा वाचून लिहावंसं वाटलं, कारण या विषयाचं जगात गाजलेलं काम इथलंच आहे. देशाच्या पूर्वेला उत्तर कारेलिया नावाचा प्रांत आहे. १९७०च्या आसपास तिथले पुरुष हृदयविकारानं ज्या प्रमाणात मरत होते ते जगात सर्वांत जास्त प्रमाणांपैकी होतं. लोकांनीच सरकारकडे अर्ज केला, आमच्यासाठी काहीतरी करा म्हणून. १९७२मध्ये पेक्का पुस्का नावाच्या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली प्रकल्प सुरू झाला.

पावावर जाड लोणी, सायीचं दूध, खारट सॉसेज आणि सिगारेट असं त्यांचं जगणं. सगळे दुग्धव्यवसायातले, त्यामुळे लोणी कमी खा म्हणणं म्हणजे त्यांच्या पोटावर पाय. मार्था नावाची गृहिणींची जुनी संघटना आहे, तिच्या बायकांनी गावोगावी जेवणं ठेवून नेहमीचेच पदार्थ भाज्या घालून, चरबी कमी करून खाऊ घातले. सॉसेज करणाऱ्यांना चरबीच्या जागी मशरूम घालायला लावलं. दूधवाल्या शेतकऱ्यांना बेरीची लागवड करायला मदत केली. गावागावांत कोलेस्टेरॉल कमी करण्याच्या स्पर्धाही लावल्या! पुढच्या काही दशकांत तिथल्या कामकरी वयाच्या पुरुषांचं हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण ८० टक्क्यांहून जास्त घटलं.

मालवणच्या ताईंचं वाचताना मला त्या मार्था बायकाच दिसल्या.

नाशिककर

आमच्या गल्लीतल्या एका मावशींना पहाटे जबडा आणि पाठ दुखायला लागली, घाम आला, मळमळ झाली. छातीत फारसं दुखत नव्हतं. घरच्यांना पित्त वाटलं, सोडा आणायला मुलगा निघाला. शेजारची बाई महिला मंडळाच्या कार्यक्रमात ऐकून आली होती की बायकांत झटका असाही येतो. तिनं सरळ १०८ला फोन लावला. ईसीजीत झटकाच निघाला, स्टेंट बसला, मावशी आज भाजी आणायला स्वतः जातात. त्या कार्यक्रमाला जेमतेम पंधरा बायका होत्या आणि आयोजक नाराज होते. त्यांना हे मुद्दाम कळवलं मी.

शिबिरांना कंटाळलेला, पुणे

मला शिबिरांचा भरवसा नाही. मोजतात, फोटो काढतात, पुढे कुणी विचारत नाही.

आळंदीहून

दादा, पुढे विचारलं पाहिजे हे शंभर टक्के मान्य. पण मोजणंच बंद करू नका. २०२३पासून पालखी मार्गावर 'आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी' चालू आहे. आमच्या दिंडीतल्या कित्येक म्हाताऱ्यांच्या दंडाला पट्टा आयुष्यात पहिल्यांदा तिथं लागला. एका बाबांचं बीपी वाढलेलं निघालं. आता आमचे विणेकरी दर एकादशीला भजनाआधी त्यांना विचारतात, गोळ्या संपल्यात का. आरोग्य खात्याची माणसं प्रत्येकामागं कुठवर धावणार? दिंडी आहेच की धावायला.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. गणिताचा गृहपाठ मी आमच्या शाळेला पाठवलाय आणि गोळ्यांची पिशवी सासूबाईंसाठी आजच भरते.

एक विनंती. घरी यंत्रावर बीपी मोजत असाल तर आधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला, मध्ये बोलू नका. त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. दोनदा मोजून लिहून ठेवा. मराठवाडा आणि खानदेशातून अजून कमी लिहिलं गेलंय. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या गोळ्या सहा-सहा महिने कशा चालू ठेवतात, हे कुणाला ठाऊक असेल तर नक्की लिहा. आमच्या उपकेंद्रातल्या नर्सताईंना ते हवंय.