बेसबॉलपटू सॅम क्रॉफर्ड: ट्रिपल (एका फटक्यात तिसरा बेस) ३०९, होमरन (एका फटक्यात पूर्ण फेरी) फक्त ९७?

प्रश्न: क्रॉफर्ड १८९९ ते १९१७ खेळला, आधी सिनसिनाटी, मग डेट्रॉइट संघाकडून. एवढा ताकदीचा डावखुरा, तरी होमरन इतके कमी कसे? पुण्यातल्या आमच्या पोरांना समजावायचंय.

उत्तर १: चेंडू काळाकुट्ट आणि मऊ होईस्तोवर तोच वापरायचे, त्यामुळे फटका मरायचा. कुंपणंही लांब. आउटफिल्डर (मागच्या मैदानातले क्षेत्ररक्षक) पुढे सरकून उभे. दोघांच्या मधून चेंडू निसटला की घरंगळतच जायचा, तोवर गडी तिसऱ्या बेसवर! ट्रिपलमध्ये दुसरा टाय कॉब, २९५.

उत्तर २: त्या काळचा आउटफिल्डर ट्रिस स्पीकर तर जवळजवळ सेकंड बेसच्या पाठीशीच उभा असे. पोरांना ते शिकवू नका. आजचा चेंडू डोक्यावरून जातो, मग पळा मागे.