पर्पज : हेतू, प्रयोजन की ‘कायले’?

गेल्या महिन्यात आमच्या गावातील (दारव्हा तालुका) महिला बचत गटाचे कर्जाचे अर्ज भरून देण्याचे काम माझ्याकडे आले. अर्ज मराठीत छापलेले होते आणि त्यांत ‘कर्जाचा हेतू’ असा एक रकाना होता. गटातील एका बाईंना मी तो वाचून दाखवला, तेव्हा त्या गांगरल्या आणि म्हणाल्या, “हेतू गितू काई नाई सर, बकऱ्या घ्याच्या हायेत.” आपल्यावर कसला तरी संशय घेतला जात आहे, असे त्यांना वाटले होते, आणि ते वाटणे भाषेच्या दृष्टीने अगदी योग्य होते. मूळ इंग्रजी अर्जातील ‘पर्पज’ या शब्दासाठी कोणीतरी कोशातला पहिलाच प्रतिशब्द उचलला होता.

इंग्रजीत ‘पर्पज’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींना चालतो. माणसाच्या मनात जे असते तेही पर्पज, आणि वस्तू, पैसा किंवा इमारत ज्या कामासाठी असते तेही पर्पजच. मराठीने हे दोन अर्थ पूर्वीपासून वेगळे ठेवले आहेत. हेतू आणि उद्देश माणसाचे असतात. वस्तूचे, खर्चाचे किंवा विधीचे असते ते प्रयोजन. म्हणून ‘तुमच्या येण्याचा हेतू काय?’ हे बरोबर आहे, पण ‘या विहिरीचा हेतू काय?’ असे कोणी विचारत नाही. कर्जाला हेतू नसतो, कर्ज मागणाऱ्याला असू शकतो. आणि व्यवहारात आपण दुसऱ्याचा हेतू काढतो तो बहुधा त्याच्यावर विश्वास नसतानाच. ‘हेतू शुद्ध आहे’ असे सांगावे लागते, यातच त्या शब्दावरची सावली दिसते.

‘हेतू’ या शब्दाचा प्रवासही लक्षात घेण्यासारखा आहे. संस्कृतात त्याचा मुख्य अर्थ कारण असा आहे. न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, डोंगरावर धूर दिसतो म्हणून तेथे अग्नी आहे असे अनुमान करताना धूर हा हेतू ठरतो. काव्यशास्त्रातही हेतू आणि प्रयोजन यांतील भेद काटेकोरपणे पाळलेला आहे. प्रतिभा, व्युत्पत्ती (येथे बहुश्रुतता) आणि अभ्यास हे काव्याचे हेतू, म्हणजे ज्यांच्यामुळे काव्य निर्माण होते ते. आणि यश, अर्थप्राप्ती, व्यवहारज्ञान इत्यादी संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने सांगितलेली ती काव्याची प्रयोजने, म्हणजे ज्यांच्यासाठी काव्य लिहिले जाते ती. बी.ए.ला मराठी घेतलेल्या विद्यार्थ्यांची या दोन प्रश्नांत हमखास गल्लत होते, कारण आजच्या मराठीत ‘हेतू’ हा शब्द ‘कशामुळे’कडून ‘कशासाठी’कडे सरकलेला आहे.

‘प्रयोजन’ हा शब्द पुस्तकी आहे, खेड्यात तो कोणाला कळणार नाही, असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो मला मान्य नाही. लग्न, बारसे किंवा तेरवी असली की ‘घरी कार्यप्रयोजन आहे’ असे आमच्याकडे आजही म्हणतात. शिवाय भूसंपादनाच्या नोटिशीतून हा शब्द विदर्भातील कितीतरी शेतकऱ्यांच्या घरात शिरला आहे. १८९४ च्या भूमिसंपादन कायद्यात आणि त्याच्या जागी आलेल्या २०१३ च्या कायद्यातही जमीन घेण्याचा आधार ‘सार्वजनिक प्रयोजन’ हाच आहे. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी १९८८ साली झाली. त्या धरणाखाली ज्यांची वावरे गेली, त्यांना या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही.

‘मल्टिपर्पज’चे मराठीकरण मात्र आपण दोन प्रकारे केले आहे आणि त्यांतील एक मला स्पष्टपणे सरस वाटते. आमच्या भागात पाटी वाचाल तेथे एखादी ‘बहुउद्देशीय शिक्षण संस्था’ आढळते. संस्था माणसांची असल्यामुळे तिला उद्देश असू शकतात, म्हणून हे नाव चालून जाते; पण ‘बहुउद्देशीय सभागृह’ म्हटले की शब्द कोरडा पडतो. याउलट, ज्या गावच्या सोसायटीतून पीककर्ज मिळते तिचे पूर्ण नाव ‘विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था’ असे असते. येथे पर्पज या शब्दाला धरून न बसता, ती संस्था अनेक कामे करते हे सरळ सांगितले आहे.

‘उद्दिष्ट’ आणि ‘ध्येय’ यांच्याबद्दल थोडक्यात एवढेच की, सरकारी कामात उद्दिष्टाला आकडा चिकटलेला असतो (घरकुलांचे उद्दिष्ट, वृक्षलागवडीचे उद्दिष्ट), आणि ध्येय आयुष्याचे असते, अर्जाचे नव्हे. ‘ऑन पर्पज’ म्हणजे मुद्दाम, जाणूनबुजून. ‘टु नो पर्पज’ म्हणजे व्यर्थ. ‘इट सर्व्ह्ज द पर्पज’ला ‘हेतू साध्य होतो’ असे लिहिण्याची सवय आपल्याला लागली आहे, पण बहुतेक ठिकाणी ‘तेवढ्याने भागते’ हेच अचूक मराठी आहे.

माझा खरा मुद्दा असा की, पर्पजला नामच शोधले पाहिजे असे नाही. ‘पाणी अडवण्याच्या उद्देशाने बंधारा बांधण्यात आला’ हे वाक्य इंग्रजीच्या सावलीत वाढलेले आहे. ‘पाणी अडवायला बंधारा बांधला’ यात काहीही कमी पडत नाही. ‘चोरीच्या उद्देशाने घरात शिरला’ येथे तो शब्द शोभतो, कारण तेथे माणसाच्या मनातलेच सांगायचे असते. वऱ्हाडीने तर हे सगळे काम ‘ले’ या एका प्रत्ययावर सोपवले आहे. बाया निंदाले जातात, कापूस येचाले जातात, आणि प्रश्न विचारायचा असला तर काय या सर्वनामाला तोच प्रत्यय लावून ‘कायले’ म्हणतात. ‘काऊन’ने कारण विचारले जाते, ‘कायले’ने प्रयोजन, बोलताना दोन्ही एकमेकांच्या जागी येतात, पण ‘कायले’च्या घडणीतच ‘कशासाठी’ आहे. छापील अर्जावर वऱ्हाडी नको असेल तर ‘कर्ज कशासाठी हवे?’ असे लिहावे. त्या बाईंच्या रकान्यात मी ‘दोन शेळ्या विकत घेण्यासाठी’ असे लिहिले.

राहिला ‘सेन्स ऑफ पर्पज’. यासाठी ‘ध्येयभावना’, ‘उद्देशपूर्णता’ असे शब्द सुचवले जातात, परंतु ते बोलताना कोणाच्या तोंडी बसतील असे मला वाटत नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने बैलजोडी विकली आणि वावर ठेक्याने दिले. दुसऱ्या दिवशी ते ओसरीवर बसून एवढेच म्हणाले, “आता सकायी कायले उठाव?”