विमानातल्या सीटच्या धुरात एवढं विष कुठनं येतं?

गादीवाला_सांगली: माधवनगर रोडला माझं सोफा-कुशनचं काम चालतं. मागं रेक्झिनच्या कात्रणांवर वेल्डिंगची ठिणगी पडली, तर काळाकुट्ट धूर, डोळ्यातनं घळाघळा पाणी. भाची केबिन क्रूचं ट्रेनिंग घेतेय. ती म्हणते, "मामा, विमानात माणूस जाळापेक्षा धुरानं जास्त मरतो." आता विमानातल्या सीटा आगरोधक असतात ना? मग एवढा धूर कशाचा? लोकर-चामडं वापरलं तर भागत नाही का?

कराडचा_मेकॅनिक (निवृत्त): भाचीचं खरं आहे. २२ ऑगस्ट १९८५, मँचेस्टर. टेकऑफच्या धावेतच इंजिन फुटलं, टाकीला भोक पडलं. विमान उडालंच नाही, धावपट्टीलगत उभं राहिलं, तरी ५५ माणसं गेली. बहुतेक धुरानंच. आगरोधक म्हणजे उशिरा पेटणारं, न जळणारं नव्हे! त्याआधी १९८३ मध्ये सिनसिनाटीला एअर कॅनडाचं विमान धुरानं भरून उतरलं. दारं उघडली, हवा आत शिरली आणि मिनिट-दीड मिनिटात केबिन भडकली. ४६ पैकी २३ दगावले. पुढं कुशनवर आग अडवणारा थर आला, वाटेत जमिनीलगत दिवे आले. धूर छताकडनं भरत खाली येतो, वरचे दिवे दिसतच नाहीत.

मिरजेची_सिस्टर: दादा, लोकरीनं भागत नाही. लोकर, चामडं, नायलॉन, तुमचा फोम, सगळ्यांत नायट्रोजन असतो. ते कोंडलेल्या जागेत जळलं की हायड्रोजन सायनाइड निघतो. रेक्झिन म्हणजे पीव्हीसी, त्याच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड. डोळे झोंबतात ते त्यानं. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. तो रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो, सायनाइड पेशींना ऑक्सिजन वापरू देत नाही. माणूस गुंगतो, पट्टा सोडायचंही सुचत नाही. ओला रुमाल काजळी थोडी अडवेल, मोनॉक्साइड अजिबात नाही.

कराडचा_मेकॅनिक: म्हणून बॅगा सोडून पळायचं. २ जानेवारी २०२४ ला हानेदाला जपान एअरलाइन्सचं विमान पेटलं, आतले ३७९ च्या ३७९ बाहेर पडले. आपल्याकडं चाकं टेकायच्या आत लोक वरचा कप्पा उघडतात!

गादीवाला_सांगली: सिस्टर, मेकॅनिकसाहेब, आभार. तो थर कसल्या कापडाचा असतो? गिऱ्हाईकाच्या सोफ्याला घालता येईल?

कराडचा_मेकॅनिक: बऱ्याचदा अरामिडचा, फायर ब्रिगेडच्या कोटात असतो तोच धागा. घाला की. पण भाव आधी सांगा, नाहीतर गिऱ्हाईक म्हणेल, सोफा राहू दे, चटईच द्या.