गरब्याच्या गायिकेला एजंट हवा की मॅनेजर?

दांडियाबाजारकर: माझी भाची इथे बडोद्यातच ऑर्केस्ट्रात गाते. नवरात्राच्या तोंडावर एका गृहस्थांनी करार पुढे केलाय. दर कार्यक्रमामागे वीस टक्के त्यांचे, आणि तीन वर्षं दुसऱ्या कुणाची सुपारी घ्यायची नाही. हुद्दा ‘मॅनेजर’. अहो, हा तर एजंट! पण एजंट म्हटलं की लोकांना आरटीओबाहेरचा आठवतो, म्हणून मॅनेजर. एजंट लॅटिन ‘आगेरे’वरून, म्हणजे करणे, तुमच्या वतीने करतो तो. मॅनेजर इटालियन ‘मानेज्जारे’तून आला, घोडा हाताळणे. लगाम कुणाच्या हाती, ते नावातच आलं.

सुरसागर: व्युत्पत्तीवर करार ठरतात होय? टॅलेंट हे ग्रीकांचं वजन, मग तेवढ्या चांदीची रक्कम. मत्तयाच्या शुभवर्तमानात मालक नोकरांना ते सांभाळायला देतो, त्या दृष्टांतावरून ‘अंगचा गुण’ हा अर्थ आला. म्हणून भाचीला तराजूत घालायचं का?

दांडियाबाजारकर: घातलंयच की! वीस टक्के कशाचे कापतायत मग?

घडियाळी पोळ: नावाला अर्थ असतो, पण कायद्याने दिला तर. कॅलिफोर्नियात कलाकाराला काम मिळवून देणाऱ्याला टॅलेंट एजन्सीचा परवाना लागतो. मॅनेजरने सल्ला द्यायचा, कारकीर्द बघायची. एजंटाचे सहसा दहा टक्के. मॅनेजर पंधरा-वीसही घेतो. आपल्याकडे पाटी कुणीही कसलीही लावतो.

सुरसागर: तेच म्हणतोय, पाटी सोडा. आणि मधला माणूसच कशाला? फैयाज खाँसाहेब इथे दरबारी गवई होते, पगार थेट दरबारातून.

दांडियाबाजारकर: पगार दरबारचा, तर मर्जीही दरबारची. रोममध्ये बड्या माणसाच्या आश्रयाला असणाऱ्याला ‘क्लिएन्स’ म्हणत, त्याचाच क्लायंट झाला. आज कमिशन देतो कलाकारच, म्हणजे त्याच्याच पैशातून कापलं जातं, आणि तरी आश्रित तोच!

घडियाळी पोळ: भांडा सावकाश. भाचीला आधी एवढं विचारायला सांगा: तिने स्वतः मिळवलेल्या गरब्यावरही वीस टक्के द्यायचेत का? साउंडवाल्याचे पैसे वजा करून टक्के, की आधी? आणि करार मोडायचा तर किती दिवसांची नोटीस?

दांडियाबाजारकर: नोटिशीचं कलमच नाही त्यात.

सुरसागर: मग सही थांबवा. यावर आपलं एकमत.