टिएरासारख्या 'सूप'मध्ये परजीवी का येत नाहीत?

प्रश्न: अर्धवर्तुळ

टॉम रे यांनी १९९०च्या सुमारास डेलावेअर विद्यापीठात केलेल्या टिएराची (स्वतःची नक्कल करणारे छोटे प्रोग्रॅम यात 'जीव' म्हणून उत्क्रांत होतात) छोटी आवृत्ती पायथनमध्ये लिहिली आहे. ८० सूचनांचा पूर्वज (हाताने लिहिलेला पहिला जीव) सोडला की काही वेळाने ४५ सूचनांचे परजीवी (दुसऱ्याचा नक्कल करणारा कोड वापरून वाढणारे जीव) आपोआप दिसायला हवेत. ते दिसत नाहीत.

मांडणी अशी आहे. सूप, म्हणजे सगळ्या जीवांची सामायिक मेमरी, ६०,००० सूचनांचं, शेवट सुरुवातीला जोडलेला. ३२ सूचनांचा संच, पूर्वज रे यांच्याच क्रमाने. नक्कल करताना सरासरी दर १००० सूचनांमागे एक चूक होते; चूक म्हणजे त्या जागी उरलेल्या ३१पैकी कुठलीही सूचना. शिवाय दर १०,००० सूचना चालल्या की सूपमध्ये कुठेतरी तसाच एक बदल. प्रत्येक जीवाला पाळीला २५ सूचना मिळतात. सूप ८० टक्के भरलं की रीपर सगळ्यात जुना जीव काढून टाकतो. टेम्प्लेटचा (कोडमधली जागा ओळखायच्या खुणेचा) शोध जीवाच्या स्वतःच्या हद्दीतच चालतो, म्हणजे एकाने दुसऱ्याची मेमरी बिघडवू नये.

१ कोटी सूचना चालवल्या. जवळजवळ सगळे ८०चेच, अधूनमधून एखादा ७९ किंवा ८१. दोन शंका आहेत: चुकांचा दर वाढवावा का? आणि लहान जीवांना जादा गुण देणारं फिटनेस फंक्शन घालावं का?

प्रतिसाद १: नॉपशून्य

दोन्हींचं उत्तर नाही. खरं कारण तुमच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आहे, 'शोध स्वतःच्या हद्दीतच'. हे कुंपण असेपर्यंत परजीवी येणं शक्यच नाही.

४५चा जीव कसा तयार होतो ते पाहा. खुणा नॉप० आणि नॉप१ या काहीच न करणाऱ्या सूचनांच्या बनतात; ० म्हणजे नॉप०, १ म्हणजे नॉप१. पूर्वजाच्या सुरुवातीला ११११ ही खूण असते, शेवटी १११०, आणि नक्कल करणाऱ्या भागाच्या तोंडाशी ११००. जीव मागे जाऊन ११११ शोधतो, पुढे जाऊन १११० शोधतो, आणि वजाबाकी करून आपली लांबी ठरवतो. आता ११००मधला तिसरा नॉप० बदलून नॉप१ झाला (शून्यापासून मोजलं तर ४२व्या जागेची सूचना), की तिथेच १११० तयार होते. पुढे शोधताना ती खऱ्या शेवटाच्या आधी सापडते आणि लांबी ८०ऐवजी ४५ निघते. पिल्लू ४५चं होतं, त्याच्याकडे नक्कल करणारा भागच नसतो.

पण त्याची कॉल सूचना (नक्कल करणाऱ्या भागाकडे नेणारी) शाबूत असते. तिच्यापुढे ००११ हे टेम्प्लेट आहे, आणि शोध नेहमी पूरक खुणेचा (०च्या जागी १, १च्या जागी ०), म्हणजे ती ११०० शोधते. शोध शेजारच्या जीवात जाऊ शकला तर तिथला नक्कल भाग सापडतो आणि परजीवी जगतो. तुमच्याकडे शोध हद्दीवरच थांबतो, म्हणून असं पिल्लू जन्मलं तरी वांझ राहतं. किंबहुना ते जन्मतच नाही, कारण बदल झालेल्या ८०च्या आईलाही स्वतःत ११०० सापडत नाही.

संरक्षण फक्त लिहिण्याला द्या. वाचणं आणि चालवणं सगळ्यांना खुलं. टिएरात जीव फक्त स्वतःच्या जागेत आणि पिल्लासाठी मागितलेल्या जागेत लिहू शकतो, बाकी सूप त्याला नुसतं वाचायला मोकळं असतं. शोधाला मर्यादा हवीच, पण ती अंतराची: दोन्ही दिशांना २०० ते ४०० सूचना. जंप आणि कॉल एकाच वेळी मागे-पुढे शोधतात आणि जवळचं जुळणारं टेम्प्लेट घेतात. पूर्वज वापरतो त्या पत्ता शोधणाऱ्या दोन सूचना मात्र एकाच दिशेच्या, एक मागे जाणारी आणि एक पुढे.

प्रतिसाद २: बिटमोजणी

वरचं बरोबर आहे, पण कुंपण काढूनही तुमच्या १ कोटीत परजीवी बहुधा दिसणार नाही. गणित मांडतो.

नक्कल चूक दर हजारी एक. म्हणजे ४२व्या जागेला चूक होण्याची शक्यता दर जन्मामागे १/१०००. तुम्ही ३१पैकी एक सूचना उचलता, त्यातली एकच नॉप१. म्हणजे १/३१,०००. पूर्वजाच्या नक्कल फेरीत एका सूचनेमागे १० सूचना चालतात, म्हणून एका जन्माला मोजमाप वगैरे धरून ८००च्या थोड्या वर लागतात. ३१,०००ला ८२०ने गुणा: अडीच कोटी सूचनांमागे सरासरी एक. १ कोटीत तो न दिसणं हेच जास्त संभाव्य.

टिएरात चूक म्हणजे ५ बिटांतला एक बिट उलटणं. नॉप०चा संकेतांक ०००००, नॉप१चा ००००१. शेवटचा बिट उलटला की काम झालं, म्हणजे १/५०००, म्हणजे सुमारे ४१ लाख सूचना. वरून होणारे किरणबदल (नक्कल चालू नसतानाही सूपमध्ये कुठेही होणारे, तुमच्या दर १०,०००चे) मिळाले की त्याहून लवकर. तेव्हा दर वाढवू नका, चुकीची पद्धत बदला. आणि संकेतांक देताना नॉप० व नॉप१ एका बिटाच्या अंतरावर ठेवा. ७ आणि २४ दिलेत तर पाचही बिट उलटावे लागतील.

दर वाढवला तर काय होतं तेही सांगतो. १/५० केलात तर एका पिल्लात सरासरी १.६ चुका, बिनचूक पिल्लं साधारण पाचातलं एक. प्रत्येक चूक जीवघेणी नसते हे खरं, तरी चांगल्या प्रती टिकण्यापेक्षा बिघडण्याचा वेग वाढतो आणि सूप मरून पडतं. १/१०००ला ८ टक्के पिल्लांत चूक असते, तेवढी पुरे. जनुकीय अल्गोरिदममध्ये (जीए, निवड आणि बदल यांनी उत्तरं सुधारत नेणारी पद्धत) एका बिटाला १/लांबी हा दर चालतो म्हणून तोच इथे आणतात. इथे ४०० बिट (८० सूचना, प्रत्येकी ५) आहेत, म्हणजे १/४००, म्हणजे प्रत्येक पिल्लात सरासरी एक चूक. जीएमध्ये निवड बाहेरून होते आणि सर्वोत्तम जीव राखून ठेवता येतो, म्हणून ते खपतं. इथे राखून ठेवणारं कोणी नाही.

प्रतिसाद ३: गुणपत्रिका

फिटनेस फंक्शन सरसकट टाकाऊ म्हणायला मी तयार नाही. १९९३मध्ये कॅलटेकमध्ये ओफ्रिया, अदामी आणि ब्राऊन यांनी सुरू केलेल्या अविडा या टिएरासारख्या प्रणालीत तर्कक्रिया जमली की जीवाला जादा प्रोसेसर वेळ मिळतो. २००३च्या नेचरमधल्या लेन्स्की, ओफ्रिया, पेनॉक आणि अदामी यांच्या प्रयोगात ५०पैकी २३ लोकसंख्यांत 'दोन्ही इनपुट सारखे' सांगणारी सगळ्यात अवघड क्रिया उत्क्रांत झाली. सोप्या क्रियांचं बक्षीस काढून घेतल्यावर ५०पैकी एकातही नाही. म्हणजे बक्षिसाची शिडी लावूनही अभ्यास करण्याजोगं खूप काही मिळतं.

प्रतिसाद ४: नॉपशून्य

@गुणपत्रिका, अविडाबद्दल वाद नाही, पण तिथला प्रश्न वेगळा आहे. अविडात प्रत्येक जीवाची मेमरी वेगळी, शेजाऱ्याचा कोड चालवायची सोयच मूळ रचनेत नाही. धागाकर्त्याला हवा आहे परजीवी, आणि तो सामायिक मेमरीचं अपत्य आहे.

'लहान त्याला गुण' असं फंक्शन घातलं तर लहान जीव मिळतील, पण ते आपणच मागितलेले असतील. टिएरात निवड जागा आणि वेळ यांच्या टंचाईतून होते. लहानपणाचा फायदा किती, हे वेळवाटपातून ठरवता येतं: पाळीची लांबी जीवाच्या लांबीच्या घाताच्या प्रमाणात ठेवा. घात ० म्हणजे सगळ्यांना सारखी पाळी, म्हणजे तुमची २५. ४५च्या जीवाला एका पिल्लाला सुमारे ५०० सूचना लागतात, ८०च्याला ८००हून जास्त, म्हणून तो दीडपटीहून वेगाने वाढेल. घात १ केला तर लांबीचा फायदा-तोटा जवळजवळ मिटतो. १च्या वर नेला तर मोठे जीव जिंकतात. पहिल्या चाचण्यांसाठी ० बरा, परजीवी लवकर डोकं वर काढतो.

आता रीपर. नुसत्या वयावर चालणाऱ्या रीपरमध्ये कामचुकार आणि कामसू एकाच रांगेत मरतात. टिएरात नवा जीव रीपरच्या रांगेच्या तळाशी जातो. सूचना फसली (टेम्प्लेट सापडलं नाही, दुसऱ्याच्या जागेत लिहायला गेला) की तो मृत्यूच्या दिशेने एक पायरी सरकतो. जागा मिळवणं, विभाजन करणं अशी अवघड कामं नीट पार पडली की एक पायरी खाली येतो. यम एकटा पुरत नाही, सोबत चित्रगुप्तही लागतो.

प्रतिसाद ५: सावकाश_सीपीयू

यादृच्छिक बदलाची वाट पाहण्याआधी हाताने बनवलेला परजीवी सोडून कोड तपासा. पूर्वजाच्या ० ते ४४ या ४५ सूचना घ्या, ४२वी नॉप१ करा. चुकांचे दोन्ही दर शून्यावर आणा आणि तीन चाचण्या घ्या.

पहिली: रिकाम्या सूपमध्ये एकटा परजीवी. त्याने लांबी ४५ मोजली पाहिजे, जागा मागितली पाहिजे, कॉल फसला पाहिजे, आणि पिल्लू होता कामा नये. पिल्लू झालं तर तुमचं विभाजन रिकामी जागाही जन्म म्हणून सोडतं आहे. पिल्लाच्या किमान ७० टक्के जागेत लिहिलं गेल्याशिवाय विभाजन होऊ देऊ नका.

दुसरी: परजीवीपासून १०० सूचनांच्या आत एक पूर्वज. आता पिल्लं व्हायला हवीत. न झाली तर बहुतेक वेळा एकच चूक असते. नक्कल करणारी सूचना पूर्वजाच्या हद्दीत चालते, पण चालवतो परजीवीचा प्रोसेसर. लिहिण्याची परवानगी तपासताना 'सूचना कोणाच्या जागेत आहे' हे पाहिलंत तर परजीवीला स्वतःच्याच पिल्लात लिहिता येत नाही. परवानगी प्रोसेसरच्या मालकाची बघायची. परतीचा पत्ताही परजीवीच्याच स्टॅकवर जायला हवा, टेम्प्लेटच्या पुढच्या सूचनेचा.

तिसरी: पूर्वज शोधमर्यादेबाहेर, म्हणजे ४०० मर्यादा असेल तर १००० सूचना लांब. पिल्लू नको. इथे पिल्लू झालं तर तुमचा शोध सगळं सूप फिरतो आहे, किंवा शेवट-सुरुवातीच्या जोडाजवळ अंतर चुकीचं मोजलं जातं आहे.

एक बारीक गोष्ट: टिएरात मेलेल्याचा कोड पुसत नाहीत, फक्त जागा मोकळी होते. तिथला नक्कल भाग दुसरा कोणी लिहीपर्यंत चालतच राहतो आणि परजीवी त्यावरही निभावतो. तुम्ही मृत्यूनंतर शून्यं भरत असाल तर ते थांबवा.

प्रतिसाद ६: अर्धवर्तुळ

हद्दीचं कुंपण काढलं, बिट उलटण्याची पद्धत घातली. पहिली आणि तिसरी चाचणी पास. दुसरीत तीच चूक निघाली, परवानगी सूचनेच्या जागेवरून तपासली जात होती. दुरुस्त केल्यावर हातचा परजीवी वाढला, पण चुका शून्य असताना थोड्या वेळाने पूर्वजांची संख्या अगदी खाली येते, मग परजीवींची, मग पूर्वज परत वाढतात. हे बरोबर आहे का? आणि पायथन फार हळू चालतं.

प्रतिसाद ७: बिटमोजणी

हेच व्हायला हवं. परजीवी पूर्वजाचा कोड फक्त वाचतो, नुकसान करतो ते जागा व्यापून. पूर्वज विरळ झाले की शोधमर्यादेत यजमान सापडत नाही, परजीवींच्या चुका वाढतात, ते रांगेत वर जातात आणि मरतात. मोकळ्या जागेत पूर्वज पुन्हा पसरतात. यजमान पूर्ण संपून सूप गोठत असेल तर शोधमर्यादा ४००वरून २००वर आणा.

आता चुका चालू करा आणि पुढे बघा: ७९चे जीव वाढले तर त्यांच्यात ४५ला दाद न देणारे असू शकतात, रे यांच्या सूपमध्ये असे निघाले होते. नंतर परजीवीचाच प्रोसेसर आपल्या कामाला जुंपणारे अतिपरजीवीही आले. लांबीने फसू नका, दोन ७९ एकसारखे असतीलच असं नाही. दर १ लाख सूचनांनी प्रत्येक वेगळ्या जीनोमची लांबी आणि संख्या फाइलमध्ये लिहा; रे यांच्यासारखं नाव द्या, लांबी आणि मग तीन अक्षरं.

वेगाबद्दल: शुद्ध पायथनमध्ये सेकंदाला काही लाख सूचनांपलीकडे जाणं कठीण. सूप आठ-बिटी पूर्णांकांच्या सलग ॲरेत ठेवा आणि फक्त सूचना चालवणारी आतली फेरी सी भाषेत लिहा. रीपर आणि नोंदी पायथनमध्ये राहिल्या तरी चालतं, त्या क्वचितच चालतात.